सफाई हा उपचारच आहे, मग सफाई कामगार रुग्णालयाचा कोण?

लष्करी रुग्णालयाचा विषय निघाला की आपल्याकडे लोक हात जोडतात. शिस्त, पांढऱ्याशुभ्र चादरी, चकचकीत फरशी. पुण्याचे कमांड हॉस्पिटल असो, मुंबईचे अश्विनी असो की कामठी-देवळालीची मिलिटरी हॉस्पिटल्स, सिव्हिल हॉस्पिटलपेक्षा तिथली स्वच्छता उजवी असते हे मलाही मान्य आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ती फरशी पुसणारी बाई त्या रुग्णालयाची कोण लागते?

कायदा म्हणतो, कोणी नाही. २०२० ची कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता काढून वाचा. आस्थापनेच्या ‘मुख्य कामात’ कंत्राटी कामगार लावायला तीत मनाई आहे. पण मुख्य काम म्हणजे काय, हे सांगताना यादी देऊन अपवाद केले आहेत आणि त्या यादीत पहिलाच नंबर सफाईचा आहे. झाडणे, पुसणे, कचरा गोळा करणे, त्याची विल्हेवाट लावणे हे मुख्य काम नव्हे! आस्थापनाच सफाईसाठी काढलेली असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या विमा कंपनीच्या कचेरीत हे क्षणभर मान्य करू. पण जिथे उघड्या जखमेचा माणूस खाटेवर पडला आहे, तिथे फरशी पुसणे हे रुग्णालयाचे मुख्य काम नाही, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिले आहे?

वैद्यकशास्त्राचा इतिहास तर नेमके उलट सांगतो, आणि तो लष्करी रुग्णालयातच घडला आहे. क्रिमियन युद्धात ब्रिटिशांचे मोठे रुग्णालय इस्तंबूलजवळ स्कुतारीला होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथे पोचल्या. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर सुमारे ४२ टक्के होता. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आले. इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, घाण हलवली, हवा खेळती केली आणि काही महिन्यांत तोच दर दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. औषध तेच, डॉक्टर तेच. बदलली ती सफाई. दिवा घेतलेल्या बाईचे चित्र शाळेच्या पुस्तकात आले. गटारात उतरलेल्या मजुरांचे चित्र कोणी काढले नाही.

भारतात १८६३ साली रॉयल कमिशनचा अहवाल आला. इथल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते, आणि त्यातले बहुतेक लढाईत नव्हे तर रोगाने. मग छावण्यांची स्वच्छता हा साम्राज्याचा प्रश्न झाला. पण ती करणार कोण? त्यासाठी जातिव्यवस्थेने माणसे आधीच तयार ठेवली होती. मैला उचलणाऱ्या जातींना छावणीच्या कडेला वसवले गेले. दुसरीकडे १८९२ मध्ये ‘लढाऊ जाती’च्या नावाखाली महारांची सैन्यभरती बंद झाली. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, वडील सुभेदार. हे दार बंद होणे म्हणजे काय, ते त्या घराने अनुभवले होते. अस्पृश्याच्या हातात बंदूक चालणार नव्हती, झाडू मात्र चालत होता.

आता म्हणतील, ते जुने झाले. नावे बदलली, हे खरे. सेनेतला ‘सफाईवाला’ आता ‘हाऊसकीपर’ आहे, नौदलातला ‘टोपास’ आता ‘हायजिनिस्ट’ आहे. अग्निवीर भरतीत हाऊसकीपर आणि मेसकीपरला आठवी पास पुरते, बाकी ट्रेड्समनला दहावी लागते. पाटी इंग्रजी झाली म्हणून उतरंड मोडत नाही. भारतात माणूस कामामुळे नव्हे तर जन्मामुळे भंगी ठरतो, हा मुद्दा बाबासाहेबांनी १९४५ मध्येच मांडला होता. ‘लष्करात जात नसते’ म्हणणाऱ्यांनी जाट, राजपूत, डोगरा, महार ही रेजिमेंटची नावे एकदा मोठ्याने वाचावीत. आणि मग प्रत्येक लष्करी रुग्णालयातल्या सफाई कामगारांचे, कायम आणि कंत्राटी दोन्ही, जातनिहाय आकडे जाहीर करावेत.

कंत्राटीकरणाचा प्रवासही समजून घ्या. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारनेच अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणे-पुसणे, साफसफाई आणि पहारा या कामांना कंत्राटी कामगार लावण्यास बंदी घातली होती. ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट बंदी घातली, हे कारण. सरकारला एकेका आस्थापनेचा विचार करून नवी अधिसूचना काढता आली असती. त्याऐवजी संहिता आली, आणि सफाईच मुख्य कामातून हद्दपार झाली.

स्वस्तात सफाई करून घेण्याचे काय होते, ते अमेरिकेने पाहिले आहे. वॉशिंग्टनचे वॉल्टर रीड हे त्यांचे नामांकित लष्करी रुग्णालय. इमारतींच्या देखभालीचे काम खाजगी कंपनीकडे देण्याच्या खटाटोपात तिथले सरकारी देखभाल कर्मचारी सुमारे ३०० वरून ६० च्याही खाली आले. फेब्रुवारी २००७ मध्ये वर्तमानपत्राने उघड केले की, इराकहून जखमी होऊन आलेले सैनिक ज्या १८ नंबरच्या इमारतीत राहत होते, तिथल्या भिंतींना बुरशी होती आणि उंदीर फिरत होते. लष्कर सचिवांना राजीनामा द्यावा लागला. सैनिकाला झळ बसली म्हणून हा गाजावाजा झाला. नुसत्या सफाई कामगाराला झळ बसली असती तर?

ती झळ आकड्यात सांगता येते. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची वापरलेली सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणूनच २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, दरवर्षी आरोग्य तपासणी आणि दरवर्षी प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. लसीचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. एका लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या कंत्राटी बायकांशी मी बोलले. पिवळी पिशवी कशाची, लाल कशाची, हे त्यांना पाठ होते. लसीचे कार्ड एकीकडेही नव्हते. ‘ठेकेदार बदलला की आम्ही नव्या, मॅडम,’ एकीने सांगितले. अकरा वर्षे तोच वॉर्ड पुसणारी बाई दर कंत्राटाला ‘नवी’ होते!

आणि तक्रार कुठे करायची? इतर रुग्णालयांवर या नियमांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते. लष्करी रुग्णालयांसाठी मात्र याच नियमांत अंमलबजावणीचे अधिकार सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे दिले आहेत. म्हणजे रुग्णालये चालवणारे तेच आणि तपासणारेही तेच. कुंपणाची राखण कुंपणाकडेच.

मित्रहो, आता थोडे आपल्याबद्दल. १ जानेवारीला आपण लाखोंनी भीमा कोरेगावला जातो. बंदूक धरलेल्या पूर्वजाचा अभिमान मलाही आहे. पण त्याच सैन्याच्या दवाखान्यात झाडू धरलेली बाई आपल्या अभिमानाच्या यादीत कुठे आहे? ‘ते काम मेहतर-वाल्मीकी समाजाचे, आपल्याकडे आता कोण करते?’ हे वाक्य मी आपल्याच शिकलेल्या घरांत ऐकले आहे. श्रेणीबद्ध विषमतेवर भाषणे ठोकणाऱ्यांच्या तोंडून! बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तेव्हा झाडूवाला कोणत्या पोटजातीचा हे विचारून सभासद केले नव्हते.

काम करायचे असेल तर वाट आहे. सशस्त्र दले माहिती अधिकार कायद्याच्या बाहेर नाहीत. दहा रुपयांच्या अर्जात आपल्या शहरातल्या लष्करी रुग्णालयाला चार गोष्टी विचारा. सफाईच्या चालू कंत्राटाची प्रत, कंत्राटदाराचा परवाना, मागच्या तीन वर्षांत किती सफाई कामगारांना हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस दिले त्याची नोंद, आणि प्रशिक्षणाची हजेरी. सोबत कामगारांची मजुरी आणि पीएफ तपासा. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि इथे मूळ मालक संरक्षण मंत्रालय आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी कळवावे, पाठवते.

जय भीम.