पावडर काड्यापेटीने नको, काट्याने मोजा

गेल्या ऑक्टोबरात एका गावी मिरचीचा प्लॉट बघायला गेलो होतो. शेंड्याकडची पाने कडेने करपलेली, फुलगळही बरीच. शेताचे मालक माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "साहेब, औषधात भेसळ आहे. तुम्ही फक्त पंचनामा लिहून द्या, दुकानदाराला मी बघतो." काय फवारले विचारले, तर भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक, ऐंशी टक्क्यांचे. किती घातले? "नेहमीसारखंच. पंपाला चार काड्यापेट्या."

ही चार काड्यापेट्यांची सवय त्यांना मॅन्कोझेबवरून लागलेली होती. माझ्या पिशवीत बॅटरीवरचा छोटा काटा असतो. बांधावर कागद अंथरून आम्ही दोन्ही औषधे त्याच काड्यापेटीने मोजली. मॅन्कोझेबची पेटी भरली 9 ग्रॅम आणि गंधकाची 16 ग्रॅम. म्हणजे मॅन्कोझेबच्या चार पेट्या 36 ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला अगदी योग्य. पण गंधकाच्या चार पेट्या झाल्या 64 ग्रॅम. त्यांना सांगितले होते दहा लिटरला 25 ग्रॅम, म्हणजे पंपाला साडेसदतीस. पावणेदोन पट गंधक, त्यात ऑक्टोबरचे ऊन आणि फवारणी दुपारी बाराला. (उन्हात बरोबर मापाचे गंधकसुद्धा पान भाजते, तो विषय वेगळा.) पंचनामा कोणाचा करणार?

चूक एकट्या काकांची नाही, म्हणूनच हे लिहितो आहे. दुकानदार सांगतो "एक झाकण टाका", शेजारी सांगतो "दोन चमचे", आणि खरे सांगायचे तर आमच्या खात्यातली माणसेही घाईत असली की चमच्याचीच भाषा बोलतात. मी स्वतः बोललो आहे. आमच्या सल्ल्यात ग्रॅम लिहिलेले असतात, पण तो ग्रॅम शेतकऱ्याने कशाने मोजायचा हे कोणी सांगत नाही. सल्ला "प्रति 10 लिटर" असतो आणि शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप पंधरा, सोळा, अठरा, वीस लिटरचा. हा हिशेब बांधावर उभे राहून, तोंडाला फडके बांधून करायचा असतो, हे आम्ही विसरतो.

पातळ औषधाचे तसे बरे आहे. मिली सांगितले की मापाच्या झाकणाने मिली मोजले, काम झाले. पावडर सांगितलेली असते वजनात आणि आपण मोजतो आकारमानात, तिथेच सगळा घोळ. घरातल्या बाईला हे शाळेत न जाताही ठाऊक असते. एकाच वाटीने साखर आणि कणीक मोजली तर साखर कितीतरी जास्त भरते. औषधांचेही तसेच. काही पावडरी पिठासारख्या हलक्या, फुललेल्या. गंधकाचे आणि तांब्याचे औषध जड. दाणेदार औषध आणखी वेगळे बसते. शिवाय एकच पावडर चमचा आपटला की दबते आणि जास्त मावते. पावसाळी हवेत गोळे झाले की कमी मावते. शीग लावून भरलेला चमचा आणि सपाट चमचा यांत तर पुष्कळदा निम्म्याचा फरक असतो. काही पुड्यांत कंपनी माप घालून देते. ते माप त्याच पुडीसाठी आहे, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या औषधासाठी नाही.

जुन्या औषधांना किलो-किलोची मात्रा होती, तेव्हा चमच्याभराच्या फरकाने फारसे बिघडत नसे. नव्या औषधांचे तसे नाही. कपाशीच्या बोंडअळीसाठी इमामेक्टीन बेंझोएट 5 टक्के दाणेदार हे औषध घ्या. लेबलवर मात्रा आहे हेक्टरी 190 ते 220 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून. म्हणजे सोळा लिटरच्या पंपाला जेमतेम 6 ते 7 ग्रॅम. इथे चमचा चुकला की मात्रा थेट दीडपट होते, नाहीतर निम्मी. जास्त पडले तर पैसा गेला, मालावर अंश राहिला आणि फवारणाऱ्याच्या अंगावर तेवढे जादा विष आले. कमी पडले तर अळी मरत नाही, उलट दर वर्षी निबर होत जाते. मग आपण म्हणतो औषधात दम राहिला नाही, आणि पुढच्या वेळी दोन औषधे एकत्र कालवतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तिथे प्रश्न नुसत्या मापाचा नव्हता. औषधांची मिसळ होती, उंच वाढलेली कपाशी होती, हातमोजे नव्हते. पण "थोडं जास्त टाकलं तर चांगलंच" ही आपली समजूत त्या यादीतून वगळता येणार नाही.

आता काटा कोणता घ्यावा, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. बाजारात काही शे रुपयांत दोन प्रकार मिळतात. एक स्वयंपाकघरातला, पाच-दहा किलोपर्यंत तोलणारा, एक-एक ग्रॅम दाखवणारा. दुसरा खिशातला, सोनाराकडे असतो तसा, दोनशे-पाचशे ग्रॅमपर्यंतच जाणारा पण ग्रॅमचा दहावा किंवा शंभरावा भागही दाखवणारा. ज्याचे काम मॅन्कोझेब, कॉपर, गंधक एवढेच आहे, त्याला पहिला चालेल. चाळीस ग्रॅममध्ये एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर फार बिघडत नाही. पण सात ग्रॅममध्ये एक ग्रॅमची चूक म्हणजे चौदा टक्के. तिथे खिशातला काटाच घ्या. माझे मत विचाराल तर एकच घ्यायचा असेल तर खिशातलाच घ्यावा. मोठे वजन दोन-तीनदा मिळून मोजता येते, लहान वजन मोठ्या काट्यावर कळतच नाही. द्राक्षवाले शेतकरी जी.ए. असाच मोजतात. शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम, एवढ्यावर त्यांच्या घडाचे भवितव्य असते, आणि तिथे काड्यापेटी वापरलेली मी कधी पाहिली नाही.

काटा बरोबर आहे का, हे घरच्या घरी बघता येते. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, सुमारे 77 ग्रॅम दाखवायला हवीत. काटा सपाट जागी ठेवा, पंखा आणि वारा टाळा, रिकामा कागद ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मगच पावडर घाला.

ज्याच्याकडे एक ग्रॅमचाच काटा आहे, त्याने पाच पंपांचे औषध एकदम मोजावे. इमामेक्टीनचेच उदाहरण घ्या. पंपाला सात, तर पाचांना 35 ग्रॅम. ते बादलीत पाच लिटर पाण्यात नीट विरघळवायचे आणि दर पंपाला एक लिटर घेऊन वरून साधे पाणी भरायचे. पाण्यात न विरघळता नुसती मिसळणारी पावडर असेल तर ती तळाशी बसते, म्हणून दर वेळी काठीने तळापासून ढवळल्याशिवाय मग बुडवू नये. केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे.

चमचा सोडवतच नसेल तर निदान चमच्याचे वजन तरी माहीत करून घ्या. न आपटता, न दाबता चमचा भरा, पट्टीने वरून सपाट करा, असे दहा चमचे काट्यावर टाका आणि आलेल्या वजनाला दहाने भागा. चमच्याच्या दांडीवर औषधाचे नाव आणि तो आकडा पक्क्या शाईने लिहून टाका. औषध बदलले, कंपनी बदलली, टक्के बदलले की पुन्हा मोजा. यासाठी काटा एखाद्या मित्राचा असला तरी चालतो. गटात एक काटा असावा, ही माझी सरपंचांना आणि बचत गटांच्या ताईंना विनंती आहे. बियाण्याला बुरशीनाशक चोळायच्या वेळी, जूनमध्ये, तोच उपयोगी पडतो. किलोला तीन ग्रॅम थायरम मुठीने कसे मोजणार?

काट्याबद्दल एक अट मात्र आहे. औषधाचा काटा, औषधाचा चमचा परत घरात जाता कामा नये. त्यावर लाल रंगाने "विष" लिहा आणि औषधाच्या कपाटातच कुलपात ठेवा. मिरचीवाल्या काकांची काड्यापेटी मोजून झाल्यावर सरळ खिशात गेली होती, आत काड्या होत्या. पाच मिनिटांनी त्यांनी त्यातलीच एक काढून बिडी शिलगावली. हात धुतलेला नव्हता.

पुढच्या शेतीशाळेला येताना घरातले माप सोबत आणा, झाकण असो की चमचा, आणि ज्या औषधासाठी ते वापरता त्याची पुडीही. काटा मी आणतो, हातमोजेही. मोजून, दांडीवर आकडा लिहून देतो.