बोट आहे, पण चालवणार कोण?

महापुरात पहिली मदत गावातूनच मिळते. त्यामुळे स्वयंसेवकांचे बोट-प्रशिक्षण कोल्हापूरसाठी कळीचे आहे.

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ (ता. पलूस) येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली ग्रामपंचायतीची बोट उलटली. १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पुरात बोट मिळणे ही अर्धीच सुटका असते, हे त्या दिवशी कळले.

गावानेच का शिकायचे?

एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे, तर एसडीआरएफची पथके धुळे आणि नागपूरला आहेत. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. अलीकडे पावसाळ्यात एनडीआरएफचे पथक आधीच कोल्हापुरात येऊन थांबते. पण चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत एकाच वेळी पाणी शिरले, तर ते कुठे कुठे पुरणार? पूर्वी गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसे बाहेर काढली जात. तसे धाडस आजही आहे. त्याला शिक्षणाची जोड हवी.

संधी कोणती?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली. नंतर ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठरले. १२ दिवसांचे प्रशिक्षण, बचाव साहित्याचा संच आणि विमा असे तिचे स्वरूप आहे. आता ‘युवा आपदा मित्र’मधून एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइडच्या तरुणांनाही आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करता येते.

शिकायचे काय?

• बुडणाऱ्याला आधी काठी द्या, मग दोर फेका, मग बोट न्या. पाण्यात उडी सर्वांत शेवटी.
• लाइफ जॅकेटशिवाय कोणीही बोटीत नाही.
• माणसाजवळ प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, हळू जा. जवळ पोहोचताच इंजिन बंद. पंख्याने इजा होते.
• सर्वांनी खाली बसायचे, वजन दोन्ही बाजूंना सारखे.

अडचण कुठे?

पट्टीचा पोहणारा चांगला बोटचालक असतोच असे नाही. बारा दिवसांत शिकलेले सरावाअभावी विसरते. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत शोधकार्य करताना एसडीआरएफचीच बोट उलटली आणि जवानांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित पथकांनाही जिथे पाणी दगा देते, तिथे गावच्या पोरांना दरवर्षी मे महिन्यात उजळणी हवीच.

आणखी एक गोष्ट. काठावर माणसे रडत असताना ‘आता बोटीत जागा नाही, पुढच्या फेरीला या’ असे म्हणणे सर्वांत कठीण. हा अधिकार बोटचालकाचाच, हे ग्रामसभेने पावसाळ्याआधी ठरवले, तर ऐनवेळी वाद होणार नाही.