मत जिंकले, मन जिंकायचे राहिले!

बहुमताने सरकार बनते. पण केवळ बहुमताने समाज एकजीव होत नाही. हे साधे सत्य अलीकडच्या काळात ब्रिटनइतके महागात क्वचितच कुणी शिकले असेल. २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात तेथील जनतेने युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी रीतसर फारकत झाली. तरीही ‘बाहेर पडलो ते योग्य की अयोग्य’ हा वाद त्या देशात शमलेला नाही. राष्ट्रभाव मानणाऱ्यांनी या वादाकडे परक्याच्या घरातील भांडण म्हणून पाहू नये. त्यात आपल्याला सुखावणारे जसे आहे, तसेच आपले कान उपटणारेही पुष्कळ आहे.

बाजारपेठ म्हणजे राष्ट्र नव्हे

दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपातील सहा देशांनी १९५१ साली कोळसा आणि पोलाद यांच्यापुरता एक करार केला. १९५७च्या रोम कराराने सामाईक बाजारपेठेचा पाया घातला. ब्रिटन या घरात उशिरा आले. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असे दोनदा दार लावून घेतले होते. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी, हुजूर पक्षाचे एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना, ब्रिटनला प्रवेश मिळाला. १९७५च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी ‘राहू या’ असे सांगितले. सामान्य ब्रिटिश माणसाच्या लेखी तो प्रामुख्याने व्यापाराचा व्यवहार होता.

१९९२च्या मास्ट्रिख्ट कराराने या व्यापारी मंडळाचे राजकीय महासंघात रूपांतर करण्याचा घाट घातला. सामाईक चलन आले. ब्रिटनने ते कधीच स्वीकारले नाही. ज्या पार्लमेंटचा इंग्रज माणसाला सार्थ अभिमान, तिच्या कायद्यावर ब्रसेल्सचा नियम वरचढ ठरतो, ही बोच वाढत गेली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत राष्ट्राच्या ‘चिती’चा विचार मांडला होता. राष्ट्राला स्वतःचा आत्मा असतो. करारमदारांनी तो घडवता येत नाही. युरोपच्या धुरीणांनी नेमके हेच दुर्लक्षिले. जकात उठवली की माणसांची मनेही आपोआप एक होतील, असे त्यांनी गृहीत धरले.

कौल आणि उपहास

२००४ साली पूर्व युरोपातील आठ देशांसह दहा देश महासंघात आले. तेथील कामगारांना ब्रिटनने तत्काळ दार उघडले. सरकारसाठी तयार झालेल्या अंदाजात वर्षाला जेमतेम ५ ते १३ हजार लोक येतील असे म्हटले होते. प्रत्यक्षात आलेले लोक त्याच्या कित्येक पट होते. लिंकनशायरमधील बॉस्टनसारख्या शेतीप्रधान गावाचा चेहरा काही वर्षांत बदलला. शाळा, दवाखाने, घरे यांवरील ताणाविषयी तेथील माणूस बोलू लागला, की त्याला ‘संकुचित’ ठरवण्यात येई. त्या बॉस्टनने बाहेर पडण्याच्या बाजूने ७५ टक्क्यांहून अधिक मते दिली.

एकूण निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा लागला. लंडनच्या विद्वज्जनांना धक्का बसला. मतदार अडाणी आहेत, म्हातारे आहेत, वंशद्वेष्टे आहेत, त्यांना कळलेच नाही, पुन्हा मत घ्या, असा गदारोळ उठला. लोकांनी आपल्याला हवे तसे मत दिले तर ती लोकशाही, नाहीतर ते ‘झुंडीचे राज्य’! हा सूर आपल्याही चांगलाच परिचयाचा आहे. एक कोटी ७४ लाख मतदारांचा असा उपहास करणाऱ्यांनीच समाजातील दरी रुंदावली.

परंतु जिंकलेल्या बाजूचेही सारे उजळ नव्हते. महासंघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आरोग्यसेवेला देऊ, असे लाल बसवर रंगवून प्रचार झाला. ब्रिटनला मिळणारी सवलत आणि परत येणारा निधी त्या आकड्यात वजा केलेला नव्हता. मतदानाच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदार महिलेची हत्या झाली. पुढे न्यायमूर्तींनी पार्लमेंटच्या अधिकाराची बाजू घेतली, तेव्हा एका वृत्तपत्राने त्यांना ठळक मथळ्यात ‘जनतेचे शत्रू’ म्हटले. ज्या पार्लमेंटच्या सार्वभौमत्वासाठी हा खटाटोप, तिचाच अधिकार राखणारे न्यायाधीश शत्रू कसे?

बाहेर, पण कुठे?

मतपत्रिकेवर ‘राहायचे की जायचे’ एवढाच प्रश्न होता. जायचे तर कसे, याचे उत्तर कुणाहीजवळ तयार नव्हते. कुणाला सामाईक बाजारपेठेत राहून बाहेर पडायचे होते, तर कुणाला सर्व दोर कापायचे होते. थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी पार्लमेंटने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंटच स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने बेकायदा ठरवले. स्कॉटलंडने ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली होती. तेथे स्वतंत्र होण्याची भाषा पुन्हा सुरू झाली. उत्तर आयर्लंड आणि उर्वरित ब्रिटन यांच्यामध्ये तर समुद्रात मालतपासणीची रेषा आली. महासंघ सोडताना स्वतःच्याच राज्यसंघाची शिवण उसवू लागली.

लाभ झालाच नाही असे नव्हे. व्यापारधोरण पुन्हा स्वतःच्या हाती आले म्हणूनच २४ जुलै २०२५ रोजी भारताशी मुक्त व्यापार करार करणे ब्रिटनला शक्य झाले. पण दीर्घकाळात उत्पादकता चार टक्क्यांनी घटेल, असा तेथील अधिकृत अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाज आहे. आणि जे स्थलांतर रोखायचे म्हणून इतके रण माजले, ते २०२३च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ नऊ लाखांवर गेले. मतदाराला फसवले गेल्यासारखे वाटले, तर नवल काय?

आपल्यासाठी धडा

या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मताधिकार होता. भारतीय पारपत्र बाळगणारी तेथील मराठी कुटुंबेही त्यामुळे मतदार होती. हा वाद त्यांच्याही उंबरठ्याच्या आत आला.

२३ जून या तारखेला आपल्या मनात वेगळे स्थान आहे. १९५३ साली याच दिवशी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांचे श्रीनगरमध्ये स्थानबद्धतेत निधन झाले. त्यानंतर कलम ३७०चा निर्णय होईपर्यंत, ५ ऑगस्ट २०१९ पर्यंत, ६६ वर्षे गेली. एवढी वर्षे तो विषय गावोगावी, बैठकीबैठकीतून, प्रसंगी टिंगल सोसत समाजापुढे मांडला गेला. निर्णय एका दिवसात झाला. मनोभूमी तयार व्हायला दोन पिढ्या लागल्या. आणि तेथेही काश्मिरी माणसाचे मन जोडण्याचे काम कायदा झाल्याने संपलेले नाही. ते कार्य संसदेचे नव्हे, समाजाचे आहे.

ब्रिटनमध्ये स्वत्वाची हाक खरी होती. तिच्यामागे तयारी आणि सत्यनिष्ठा उभी राहिली नाही. जिंकलेल्यांनी हरलेल्या ४८ टक्क्यांना आपले मानले नाही आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांना शहाणे मानले नाही. राष्ट्र म्हणजे जिंकलेले आणि हरलेले असे दोघे मिळून. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी विरोधात मत देणाऱ्या शेजाऱ्याच्या दारी जाण्याची ज्याची तयारी असते, त्यालाच राष्ट्रकार्य कळले, असे म्हणता येईल.