थकव्याचे गाणे आणि झरीचा प्रश्न

एखादे चित्रपटगीत लोकांच्या ओठांवर रुळले, की त्याचा अर्थ शोधण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते. मुजफ्फर अली यांच्या 1978 सालच्या 'गमन' या चित्रपटात सुरेश वाडकरांनी गायलेल्या गझलेचे असेच झाले आहे. ऊर फुटेतो धावूनही हाती काही न लागलेल्या माणसाचे ते गाणे. पुण्या-मुंबईच्या कचेरीतून रात्री उशिरा घरी निघालेला तरुण आज ते ऐकतो आणि आपल्याच मनीचे गूज कोणीतरी बोलून दाखवले, असे वाटून सुस्कारा टाकतो. त्याची वेदना खोटी नाही. तथापि ते गाणे केवळ त्याचे नव्हे. आणि सुस्कारा टाकून मोकळे होण्यासाठी तर ते मुळीच लिहिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'गमन'चा नायक कचेरीतला साहेब नाही. उत्तर प्रदेशातील खेड्यातून पोटासाठी मुंबईस आलेला तो एक टॅक्सीचालक आहे. गावी आई आणि तरुण पत्नी वाट पाहत आहेत. चार पैसे गाठीला बांधावेत आणि घरी परतावे, यापलीकडे त्याची आकांक्षा नाही. एवढ्याशा आकांक्षेपायी माणसाने इतके झिजावे, हीच त्या चित्रपटाची शोकांतिका. गझल लिहिणारे शहरयार हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक होते. पुढे 2008 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. जाणत्या कवीची खूण या रचनेच्या रदीफात, म्हणजे शेराच्या शेवटी पुनःपुन्हा येणाऱ्या पदात, दिसते. ते पद प्रश्नार्थक आहे. हे असे का आहे, एवढेच कवी विचारतो. जयदेव यांच्या हळुवार चालीमुळे आपल्याला तो विलाप वाटतो. वस्तुतः तो जाब आहे.

हा जाब कोणाला विचारला आहे? आधुनिक जगाने थकव्याला शास्त्रीय नाव दिले खरे. 1974 साली फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने अतिश्रमाने आतून जळून जाण्याच्या अवस्थेचे वर्णन केले आणि 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या निश्चित केली. शक्तिपात, कामाविषयी दुरावा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. परंतु ही व्याख्या नोकरीच्या जागेपुरतीच आहे. ज्याला कचेरी आहे, रजा आहे, वरिष्ठ आहे, त्याच्याच थकव्याला तिच्यात स्थान मिळते. मग त्यावरचे उपायही तसेच निघतात: रजा घ्या, प्राणायाम करा, सल्लागाराला भेटा. प्रश्न समाजाला विचारलेला असतो आणि औषध मात्र रोग्याच्या हाती ठेवले जाते.

ही व्याख्या घेऊन यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात जावे. पैनगंगेपलीकडे तेलंगणाची हद्द, अलीकडे कोरडवाहू कापसाची शिवारे आणि कोलामांचे पोड. पऱ्हाटीच्या शेतकऱ्याला कोणती रजा? पाऊस दडी मारतो, बोंडअळी पडते, भाव कोसळतो. तरी पुढच्या मृगाला तो पुन्हा कर्ज काढून सरकी टोचतो. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर प्राणास मुकले. त्याआधी 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली होती, तीत यवतमाळ होता. मदत आली, तरी आत्महत्यांचे सत्र थांबले नाही. आपल्या हातून काही होत नाही, ही भावना मनात घर करण्यास कचेरीच लागते असे थोडेच आहे?

शेतकऱ्याच्या मुलाचा थकवा आणखी निराळा. शेतीत राम नाही, हे बापाने त्याला लहानपणापासून ऐकवलेले असते. मग तो यवतमाळ, नागपूर किंवा पुणे गाठतो आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसतो. जागा थोड्या, उमेदवार अफाट. वर्षे सरतात, वय मर्यादेकडे सरकते आणि गावी परत जाण्याची लाज वाटू लागते. 'गमन'च्या नायकाला घरची ओढ असूनही जाता येत नाही. याचेही तेच होते.

यावर कोणी म्हणेल, मग महत्त्वाकांक्षाच सोडावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या राज्याला जोतीराव फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी शिक्षणाची आस लावली, तेथे कोलामाच्या मुलाने अधिकारी होण्याचे स्वप्न पाहणे हा त्याचा हक्क आहे. सुखवस्तू माणसाने त्याला समाधानाचे धडे देऊ नयेत. आक्षेप स्वप्नावर नाही. स्वप्नाला गावाबाहेर जाणारी एकच अरुंद वाट ठेवण्यावर आहे. दहा वाटा असत्या, तर एक बंद झाल्याने कोणी उद्ध्वस्त झाला नसता.

योगायोग असा की, ज्या काळात 'गमन' निघाला त्याच काळात, 1977 साली, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्याला गावाजवळ काम देण्याचे दायित्व शासनाने स्वीकारले. गझलेच्या प्रश्नाला एका राज्याने कायद्याच्या भाषेत दिलेले ते उत्तर होते. ते अपुरे होते, कारण खड्डे खणण्याच्या कामाने पोट भरते, मन भरत नाही. पण त्याची दिशा योग्य होती. तीच पुढे नेली पाहिजे. झरीच्या कापसाचे सूत आणि कापड झरीजवळच का होऊ नये? मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला. त्याच्या कुशल कामांसाठी लागणारे शिक्षण पोडावरच्या मुलांना तालुक्यातच का मिळू नये? पदभरतीचे वेळापत्रक आधी ठरवून ते कसोशीने का पाळू नये? शेतकऱ्यांना मानसिक आधार देण्यासाठी शासनाने 'प्रेरणा प्रकल्प' हाती घेतला, हे स्वागतार्हच. परंतु धीराच्या शब्दाबरोबर हमीभाव आणि वेळेवर कर्जही पोहोचले नाही, तर तो धीर किती दिवस पुरणार?

हे सर्व 'का' आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. शहरयारांच्या गझलेने आपल्याला शिकवायचे ते हेच. थकलेल्या माणसाला त्याच्या थकव्याचा हिशेब विचारू नये. तो कोणासाठी आणि कशापायी थकला, याचा हिशेब आपण द्यावा. ते गाणे पुन्हा कानी पडेल तेव्हा सुस्कारा टाकण्यापूर्वी पैनगंगेकाठच्या त्या तालुक्याची आठवण ठेवावी. प्रश्न तेथूनही विचारला जात आहे. फरक इतकाच की, त्याला अजून कोणी चाल लावलेली नाही.