कर्जदाराला सन्मानानं मोकळं होऊ द्या

कर्ज आवाक्याबाहेर गेलं की माणूस बहुतेक वेळा एकच करतो. जुनं भागवायला नवं काढतो. आधी सोनं गहाण पडतं, मग पतसंस्था, मग क्रेडिट कार्ड, मग मोबाइलवरचं ॲप. वकिलाची पायरी तो सगळ्यात शेवटी चढतो आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो, 'मॅडम, नादारी घेतली तर सुटेन का?' सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करते. तिथं हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो.

माझं उत्तर असं. ज्याच्या हाताला काम आहे आणि ज्याच्या कर्जाच्या कागदावर दुसऱ्या कुणाची जामीनदार म्हणून सही आहे, त्यानं आधी तडजोडीचा रस्ता धरावा. ज्याच्याकडे ना मिळकत उरली ना कमाई, त्यानं नादारी, म्हणजे दिवाळखोरी, मागण्यात कसलाही कमीपणा नाही. पण हा दुसरा रस्ता सामान्य माणसासाठी सरकारनं अजून नीट बांधलेलाच नाही.

शाळेचे गणवेश शिवणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पिशवीत पतसंस्थेची कलम १०१ खालची वसुलीची नोटीस, कार्डाची पत्रं आणि ॲपवाल्यांच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट. सगळं मिळून सव्वासहा लाखांचं देणं, महिन्याची कमाई बावीस हजार. 'नादारी' हा शब्द ते घरूनच ठरवून आले होते. मी विचारलं, 'जामीन कोण आहे?' ते म्हणाले, 'मेहुणा. एसटीत कंडक्टर आहे.' ते नादार ठरून पुढं मुक्त झाले असते, तरी कायद्यानं जामीनदार मोकळा होत नाही. पतसंस्थेनं मेहुण्याच्या पगाराला हात घातला असता. हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'तसं नको.'

त्यांना आणखी एक भीती होती, शिलाई मशीन उचलून नेतील ही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानं कारागिराची हत्यारं, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बाईनं धर्मरीतीप्रमाणे अंगावरून उतरवू नयेत असे दागिने कोर्टाच्या जप्तीतून वगळले आहेत. वसुलीच्या माणसानं सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलेलं आहे. यातलं काहीच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणूस घाबरून वाटेल त्या कागदावर सही करतो, त्यामागं हे अज्ञान असतं.

पतसंस्थेकडे आम्ही हप्ते पाडून मागितले. कार्डाचं प्रकरण लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच, ठेवलं. तिथं कोर्ट फी लागत नाही. झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच सही करण्याआधी तडजोडीची प्रत्येक ओळ वाचावी. एक हप्ता चुकला तर सगळी मूळ मागणी पुन्हा उभी राहील, अशी अट कितीतरी मसुद्यांत असते. झेपेल तोच हप्ता कबूल करावा आणि शेवटचा भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला हातात घ्यावा. सूट घेऊन मिटवलेलं खातं सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' म्हणून दिसतं. पुढं काही वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड जातं. ज्याला कर्जानंच बुडवलं त्याच्या दृष्टीनं ही किंमत मोठी नाही.

आता दुसऱ्या रस्त्याकडे येऊ. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, घर नसलेला, कमाई थांबलेला माणूस कसले हप्ते भरणार? त्याला तडजोड करायला लावणं म्हणजे त्याच्या म्हाताऱ्या आईला कर्ज काढायला लावणं. त्याच्यासाठी नादारीच हवी. पण आज त्याला जावं लागतं १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली, आणि मुंबईत राहत असेल तर १९०९ च्या कायद्याखाली. १९२० च्या कायद्यात आजही असं आहे की बिनतारण देण्याच्या रुपयामागं आठ आणे भरतील एवढी मालमत्ता नसेल, तर ती परिस्थिती आपल्या दोषानं आली नाही हे पटवून दिल्याशिवाय पूर्ण मुक्तता मिळत नाही.

दिवाळखोरीचा नवा कायदा झाला २०१६ मध्ये. त्यात व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. परतफेडीची योजना आहे, दिवाळखोरीतून साधारण वर्षभरात मुक्तता आहे आणि अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. कारखानदाराच्या हमीदाराला नवा कायदा आणि शिंप्याला शंभर वर्षांपूर्वीचा, हा भेद मला मान्य नाही. शिवाय 'नवी सुरुवात'साठी वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत आणि कर्ज ३५ हजारांच्या आत हवं. महिन्याला पाच हजारांत घर चालवणाऱ्यालाच ही सोय. या मर्यादा वाढवल्याशिवाय ती लागू करून उपयोग नाही.

अशानं कर्ज बुडवणाऱ्यांचं फावेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. पण अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत बायकोच्या नावावर फुकट केलेली जमीन रद्दबातल ठरवण्याचा अधिकार जुन्या कायद्यातही कोर्टाला आहे. लबाडाला पकडायची हत्यारं आहेत, ती वापरावीत. त्याच्या भीतीनं प्रामाणिक माणसाची वाट अडवू नये. कर्जदाराला कायद्यानं आधार देणं आपल्याकडे नवं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९ च्या कायद्यानं कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं आणि खतामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला दिला. परक्या सरकारला जे सुचलं, ते आपल्या सरकारला अवघड नसावं.

म्हणून मागणी सरळ आहे. २०१६ च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग सर्वांना लागू करा आणि 'नवी सुरुवात'च्या मर्यादा आजच्या महागाईला धरून ठरवा. नव्या कायद्यात ही प्रकरणं कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे सोपवली आहेत. ती जिल्हा न्यायालयात चालू द्या, कारण जतच्या मजुराला पुण्याच्या खेपा परवडत नाहीत. आणि कर्जदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे की दुसरं कर्ज काढायच्या आधी तालुका विधी सेवा समितीत जा. पात्र माणसाला तिथं वकील मोफत मिळतो. नोटिसा उघडून, तारखेप्रमाणे लावून सोबत न्या. जितक्या लवकर जाल तितके जास्त रस्ते उघडे असतील.