तांबड्या वाटेला कोणता रोल?

पाऊस ओसरला की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो: माथेरानला चाललोय, स्लाइडचा कोणता रोल नेऊ? विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. व्हेल्व्हिया ५०. तांबडी माती, हिरवीगार झाडी, मग रंग खुलवणारी फिल्म नाही न्यायची तर कोणती? आमचं मत नेमकं उलटं आहे. ऑक्टोबर ते मे व्हेल्व्हिया घरीच राहू द्या.

जांभ्याची ती माती मुळातच इतकी तांबडी की तिला कुणाच्या मदतीची गरज नाही. पण रंगापेक्षा खरी अडचण उजेडाची. बाजारातून शार्लोट लेककडे निघालात की वर जांभूळ-हिरड्याचं छप्पर आणि खाली वाटेवर कवडसे. कवडसा आणि शेजारची सावली यांत चार स्टॉपचा फरक सहज पडतो, आणि स्लाइडच्या पोटात सगळं मिळून जेमतेम पाच मावतात. व्हेल्व्हियाच्या तर त्याहून कमीच. निगेटिव्ह असेल तर प्रिंट काढताना थोडंफार सावरता येतं. स्लाइडमध्ये जे उडालं ते उडालं.

हे मी माझ्याच पैशांनी शिकलो. एका नोव्हेंबरात झाडाखाली थांबलेल्या घोडेवाल्याचा फोटो घेतला. मीटर त्याच्या चेहऱ्यावर धरलं, वाटेकडे लक्षच नव्हतं. लाइट टेबलावर लूप लावून पाहिलं तर चेहरा विटेसारखा, आणि घोड्याच्या पाठीवर जिथे ऊन पडलं होतं तिथे पांढरा रंगसुद्धा नव्हता. फिल्मचा कोरा पाया आणि त्यातून दिसणारी टेबलाची ट्यूब. मीटर घोड्याच्या उजेडातल्या पाठीवर धरून चेहरा अंधारात जाऊ द्यायला हवा होता, किंवा घोडेवाल्याला दोन पावलं आत सरकवायला.

अशा उजेडाला कोडाक्रोम छान पेलायची असं जुनी मंडळी सांगतात. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी आपला भारत तिच्यावर टिपला. पण २००९ मध्ये ती बनायची थांबली, आणि कॅन्सासमधल्या शेवटच्या लॅबने २०१० संपताना नवे रोल घेणं बंद केलं. तेव्हा तो विषय मिटला. एक्टाक्रोम मात्र २०१२ मध्ये जाऊन २०१८ मध्ये परत आली. कोरड्या दिवसांत आमचं मत तिच्या ई १००ला किंवा प्रोव्हिया १०० एफला. दोन्ही त्वचेला त्वचाच ठेवतात. सावलीतली निळी झाक खटकत असेल तर ८१ ए फिल्टर जवळ असू द्या. पॅनोरमा पॉइंटला पहाटे ट्रायपॉड लावून बसणाऱ्याने प्रोव्हियाच न्यावी: दोन मिनिटांपर्यंतच्या एक्स्पोजरला तिला कसलीच दुरुस्ती लागत नाही.

मग व्हेल्व्हिया कधी? जुलैत! नेरळहून येणारी छोटी गाडी तेव्हा बंद असते, अमन लॉजहून शटल मिळते. धुकं झाडांत शिरलेलं असतं, ना कवडसा ना काळी सावली, सगळं दीड-दोन स्टॉपात आटोपतं. साधी फिल्म इथे राखाडी पडते. व्हेल्व्हिया मात्र ओल्या खोडाला काळं करते, चिखलाच्या डबक्यातला तांबडा वर काढते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. धुकं मीटरला फसवतं, तेव्हा ते सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्या. आणि ५० आयएसओला झाडीत एक्स्पोजर चार सेकंदांवर गेलं तर रंग हिरव्याकडे झुकतो. ५ एम मॅजेन्टा फिल्टर आणि वर एक तृतीयांश स्टॉप लागतो. हा फिल्टर पिशवीत नसतो म्हणून किती रोल शेवाळले असतील कुणास ठाऊक.

आणखी एक. काही वाटांवर आता मातीचे पेव्हर ब्लॉक बसलेत. त्यांचा तांबडा आणि जांभ्याच्या मातीचा तांबडा एक नाही, आणि स्लाइड हा फरक झाकत नाही. फ्रेममध्ये दोन्ही आले तर आधीच ठरवा, कोणता खरा दिसायला हवा.

गाडी दस्तुरीलाच सोडावी लागते. तिथून ट्रायपॉड खांद्यावर घेऊन पायी जायचं म्हणून बरेच जण निम्मे रोल डिकीत ठेवतात. एप्रिलच्या उन्हात त्या डिकीत फिल्म शिजते. खालून थंड पिशवीत आणलेला रोल असेल तर तासभर डबी उघडू नका, घाम सुटतो. आणि एक्स्पोज झालेला रोल महिनाभर कॅमेऱ्यात ठेवून दिवाळीची वाट पाहू नका; ई-६ धुणाऱ्या लॅब आता मोजक्याच उरल्यात, रोल पोचायलाच आठवडा जातो.