हे मासिक आता आबांचे राहिले आहे का?

होड्यांवरच्या एका इंग्रजी मासिकाविषयी लिहिते आहे, असे सांगितल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने माझ्याकडे ताप आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. दिवाळी अंकांची घसरण, मराठी मासिकांचे मरण असे हुकमी विषय सोडून ही समुद्रपारची उठाठेव कशाला? तिचे म्हणणे मला मान्य आहे. पण ज्या वाचकाचे दुःख मी जवळून पाहिले तो माझ्या घरात आहे आणि त्याचे मासिक इंग्लंडातून येते, त्याला माझा इलाज नाही.

हे वाचक म्हणजे माझ्या आईचे वडील, आमचे आबा. १९६३ साली ते एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून लागले. इंजिनरूममधल्या माणसाला समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो, असे ते नेहमी सांगतात. १९६६ साली त्यांचे जहाज लंडनजवळच्या टिलबरीच्या गोदीत काही दिवस अडकून पडले होते. तिथल्या एका कामगाराने आपला वाचून झालेला 'यॉटिंग मंथली'चा अंक त्यांच्या हातात दिला. हा श्रीमंतांचा खेळ असणार, अशा समजुतीने आबांनी तो उलटसुलट चाळला आणि एका पानावर थांबले. चित्रात ओहोटी होती, गाळ होता, आणि त्या गाळात एक लहानशी शिडाची होडी सरळ उभी होती. भाट्याच्या खाडीत पाणी ओसरले की आबांच्या वडिलांची होडी कुशीवर कलंडायची. ही मात्र दोन पायांवर उभी! तळाशी एका कण्याऐवजी डावी-उजवीकडे दोन कणे बसवले की होडी गाळात उभी राहते, हे त्यांना त्या पानावर कळले. "आपल्याच खाडीचा फोटो कुणीतरी विलायतेत छापलाय, असं वाटलं बाय," असे ते अजून म्हणतात. तेव्हापासून जमेल तसे सुटे अंक आणि नोकरी स्थिरावल्यावर रीतसर वर्गणी. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या त्या अंकांनी भरल्या आहेत. आजीने त्यांना 'सवत' असे नाव ठेवले होते.

आबांना त्या अंकात आपली खाडी दिसली, यात निव्वळ योगायोग नव्हता. 'यॉटिंग मंथली' निघाले १९०६ साली. त्याच्या संपादकपदी १९२७ पासून १९६७ पर्यंत, मधला युद्धकाळ वगळता, मॉरिस ग्रिफिथ्स नावाचे गृहस्थ होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, एसेक्स-सफोकच्या उथळ, गाळाने भरलेल्या खाड्यांवर त्यांचे प्रेम. १९३२ साली त्यांचे 'द मॅजिक ऑफ द स्वॉचवेज' हे पुस्तक आले; वाळूच्या दांड्यांमधून जाणाऱ्या चिंचोळ्या पाणवाटांचे ते पुस्तक आहे. दुसऱ्या महायुद्धात या माणसाने समुद्री सुरुंग निकामी करण्याचे काम केले आणि त्यासाठी त्यांना जॉर्ज मेडल मिळाले. पण आबांसारख्या वाचकाला त्यांचे कौतुक वेगळ्याच गोष्टीसाठी होते. हे संपादक स्वतः होड्यांचे आराखडे काढीत. उथळ पाण्यात चालणाऱ्या, प्लायवूडच्या, हौशी माणसाला घराच्या परसात बांधता येतील अशा होड्या. त्यांतली 'इव्हनटाइड' ही सुमारे चोवीस फुटांची होडी पुष्कळ लोकांनी आपल्या हाताने बांधली. मासिकाचा संपादक वाचकाला आराखडा देतो आणि वाचक रविवारी करवत घेऊन उभा राहतो, असा तो काळ होता.

अमेरिकेत हे त्याआधीच घडले होते. 'द रडर' या मासिकाचे संपादक टॉमस फ्लेमिंग डे यांनी लहान होडीतूनही महासागर पार करता येतो, असे नुसते लिहिले नाही. १९११ साली दोन सोबती घेऊन 'सी बर्ड' या पंचवीस फुटी होडीतून ते अटलांटिक ओलांडून रोमपर्यंत गेले. तिच्याच वंशातला, पण मोठा आराखडा हाती घेऊन हॅरी पिजन याने 'आयलँडर' बांधली आणि १९२१ ते १९२५ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आमच्याकडे एखाद्या संपादकाने स्वतःच्या अग्रलेखावर इतका विश्वास दाखवल्याचे ऐकिवात नाही. (संपादक मंडळाने हे वाक्य गाळू नये, ही विनंती.)

आणि १९६३ साली तर कमाल झाली. 'डेली मिरर' या खपाऊ दैनिकाने जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेली लाल शिडांची 'मिरर' ही होडी बाजारात आणली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी व रेझिन चोपडायचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. कारकून, शिक्षक, गिरणीतला फोरमन यांच्या आवाक्यातली. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. होडी हा साहेबाचा षौक न राहता शेजाऱ्याचा छंद झाला, तो अशा रीतीने.

आता आबांची तक्रार ऐका. गेली काही वर्षे अंक आला की ते चष्मा पुसतात, पाने उलटतात आणि म्हणतात, "हे आपलं राहिलं नाही." नव्या चाळीस फुटी नौकांच्या चाचण्या, तीत झोपायच्या खोल्या किती, फ्रिज कुठे, सुकाणूपाशी टीव्हीसारखे पडदे किती! एका नौकेच्या पैशांत आमची अख्खी वाडी विकत घेता येईल. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून, वर माशाचे तेल चोळून ज्याने होडी राखली, त्याला हे वाचून काय मिळणार?

मी सुरुवातीला आबांचीच री ओढली. जुने ते चांगले, बाजाराने सगळे नासवले, हे म्हणायला आपल्याला नेहमीच सोपे जाते. पण मे महिन्याच्या सुट्टीत पेट्या खाली काढल्या, जुने आणि नवे अंक शेजारी-शेजारी ठेवून वाचले, आणि माझी खात्री डळमळली. दोष मासिकाने अंगावर ओढवून घेतला की होडीच बदलली?

होडी बदललीच. लाकडाची जागा काचतंतूने, म्हणजे आपण ज्याला नुसते 'फायबर' म्हणतो त्याने घेतली. 'वेस्टर्ली सेंटॉर' हे तिचे उत्तम उदाहरण. सव्वीस फुटांची, तळाशी तेच दोन कणे, १९६९ साली आली आणि पुढच्या अकरा-बारा वर्षांत अडीच हजारांच्या जवळपास बांधली गेली. मध्यमवर्गीय कुटुंबाची होडी. आता गंमत पाहा. लाकडाची होडी निगा नसेल तर कुजते आणि मरते, म्हणून नवी बांधावी लागते, म्हणून आराखडा लागतो. फायबरची होडी मरतच नाही. 'वेस्टर्ली' कंपनी केव्हाच बुडाली, तिच्या होड्या तरंगताहेत. इंग्लंडात आज जुनी फायबरची होडी नवी बांधायच्या खर्चाच्या मानाने अगदी स्वस्तात मिळते. इतकी की नको झालेल्या होड्यांची विल्हेवाट कशी लावायची, हा तिथल्या किनाऱ्यांपुढचा प्रश्न झाला आहे. अशा वेळी साधा माणूस परसात करवत घेऊन कशाला उभा राहील? तेव्हा मासिकाने आराखडे छापणे थांबवले म्हणून त्याने साध्या वाचकाला सोडले, हे आबांचे म्हणणे मला पटत नाही. वाचकाच्याच हातातली करवत गेली होती.

मात्र साधा वाचक आज नेमका कुठे आहे, हे यातूनच कळते. तो चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या होडीत बसलेला आहे. इंजिन धूर ओकते आहे, खिडकीच्या रबरातून पाणी झिरपते आहे, वायरिंग कुणी कधी केले देव जाणे. हा माणूस नवी नौका विकत घेणार नाही, आणि जाहिराती मुख्यतः नवे काही विकणाऱ्यांच्या. कसल्याही मासिकाच्या पोटात हे दुखणे असतेच: एक वाचक वर्गणी देतो, दुसरा जाहिरातदार पानाचे पैसे देतो, आणि दोघांना एकाच अंकात वेगवेगळी गोष्ट हवी असते. आपल्याकडे 'किर्लोस्कर खबर' १९२० साली नांगरांच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघाले आणि पुढे घरोघरचे मासिक झाले. कारखानदाराचे पैसे असूनही वाचकाचे होता येते, याचा तो दाखला. उलट घडणे जास्त सोपे. होड्यांच्या मासिकांत मालकही बदलत गेले. 'यॉटिंग मंथली', 'यॉटिंग वर्ल्ड' आणि खास साध्या होडीवाल्यासाठी १९६७ साली निघालेले 'प्रॅक्टिकल बोट ओनर' ही सारी भावंडे एकाच मोठ्या प्रकाशनसंस्थेत नांदली आणि २०२० साली एकत्रच 'फ्युचर' या कंपनीकडे गेली. अशा घरात प्रत्येक पानाचा हिशेब मागितला जात असणार, हे समजायला वाणिज्य शाखेत जावे लागत नाही.

तरीही, ज्या अंकांवर आबा चिडतात त्यांतच मला त्यांच्या जातीची पाने सापडली. २०११ साली या मासिकाने १९८२ सालची, वापरलेली चाळीस फुटी शिडाची नौका घेतली आणि तिच्यावर एकेक संकट मुद्दाम आणले. तिला वाळूवर रुतवले, डोलकाठी पाडली, क्रेनने पाण्यात पुरती उलटी केली, तळाला भोक पाडले, आग लावली, आणि शेवटी आत गॅसचा स्फोट घडवला. प्रत्येक वेळी काय तुटते, काय टिकते, भोकात उशी कोंबली तर पाणी किती अडते, हे नोंदवून छापले. नौका चाळीस फुटी असली तरी ती कुणाला विकायची नव्हती. तो धडा अठरा फुटी होडीवाल्यालाही उपयोगी होता. ग्रिफिथ्स असते तर त्यांनी टोपी काढली असती. तसेच ते चुकांच्या कबुलीचे सदर! नौकानयनात मुरलेली माणसे आपली फजिती स्वतःच्या नावाने लिहितात: भरतीचा हिशेब कसा चुकला, नांगर टाकला पण दोराचे दुसरे टोक बांधायचे कसे राहिले, असल्या गोष्टी. आमच्या प्राध्यापकांनी असे एखादे सदर या वार्षिकात चालवले तर मी दोन प्रती विकत घेईन.

आबांशी माझे भांडण झाले ते इथे. मी ही पाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भिंगातून वाचली, बराच वेळ वाचली. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण यात मी काय करायचं?"

मला उत्तर सुचले नाही. रात्री मात्र त्या प्रश्नाचा अर्थ थोडा कळला. जुना अंक आबांना काहीतरी करायला लावीत होता. १९७४ साली रजेवर आले असताना त्यांनी एका अंकातले शीड पाहून आपल्या होडीला जुन्या तंबूच्या कापडाचे शीड शिवले होते. ते पहिल्याच वाऱ्यात फाटले आणि दुसरे टिकले. आराखड्यापुढे वाचक अर्धा लेखक होतो. चाचणीपुढे, मग ती कितीही प्रामाणिक असो, तो प्रेक्षक राहतो. आणि परसात बांधायच्या आराखड्यांना कमी लेखू नये. १९८२ च्या आशियाई खेळांत मुंबईच्या समुद्रावर फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले ते 'फायरबॉल' या होडीत, आणि ती पीटर मिल्न यांनी १९६२ साली आखली तेव्हा हौशी माणसाने प्लायवूडमध्ये बांधावी अशीच आखली होती.

म्हणून माझे मत आबांच्या मतापेक्षा वेगळे, पण मासिकाला सोडून देणारेही नव्हे. आजच्या साध्या वाचकाच्या कामाचे त्यात पुष्कळ आहे. जुन्या होडीची चाचणी, दुरुस्ती, चुकांची कबुली ही त्याची पाने आहेत आणि त्यांच्यासाठी वर्गणी द्यावी. नव्या नौकांची पाने जाहिरातदाराची आहेत असे समजून उलटावीत; आपण बसमध्ये बसतो तेव्हा बाहेरची जाहिरात वाचतोच असे नाही. मात्र वाचकाच्या हाताला दर महिन्याला एक काम देण्याची जुनी रीत सुटली असेल, तर ती प्लायवूडबरोबर सुटायला नको होती. करवत गेली तरी सुई आहे, पाना आहे, रंगाचा ब्रश आहे. जुन्या फायबरच्या होडीला चार वर्षे पुरतील एवढी कामे असतात. आता आमच्या खाडीतसुद्धा बऱ्याच होड्या फायबरच्याच आहेत, त्यांच्या मालकांना विचारावे.

आबांच्या तक्रारीत आणखी एक धागा आहे. तो मी लिहू का, असे त्यांना विचारले. ते "लिही" म्हणाले. त्यांचे गुडघे गेले आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी होडी विकली. जुना अंक वाचताना त्यांच्या दाराखाली होडी होती, नवा अंक वाचताना नाही. या फरकाला इंग्लंडातला कुठलाही संपादक जबाबदार नाही, आणि आबांनाही ते माहीत आहे.

वर्गणी या महिन्यात संपते. ती माझ्या फोनवरून भरायची असते, म्हणून मी विचारले, "आबा, भरू की नको?" त्यांनी खिडकीतून खाडीकडे पाहिले. भरती लागली होती. मग तो होडी उलटवल्याचा अंक पुन्हा शोधून द्यायला सांगितला, आणि भिंग हातात घेत म्हणाले, "भर. पण एकाच वर्षाची."